वाड्यापासून घरकुलापर्यंत : औसा तालुक्यातील कुटुंबाचा इतिहास

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील जुन्या शेतकरी कुटुंबाची रचना त्याच्या वाड्यात दिसत असे. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर. या छपराला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात आत गारवा राही. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी वर पांढऱ्या मातीची नवी भर पडे, त्यामुळे पिढीगणिक छप्पर जड होत जाई. दिंडीतून आत शिरले की दोन्ही अंगांना ढाळज. तिथे पुरुषांची बैठक, पाहुण्यांची उठबस आणि सालगड्यांशी होणारा हिशेब. चौक ओलांडला की ओसरी, मग माजघर, त्याच्या आत देवघर, धान्य साठवायचे बळद आणि चूल. कुटुंबात माणसे कितीही असोत, चूल एक. ढाळज पुरुषांची आणि चूल बायकांची, अशी घरातल्या जबाबदाऱ्यांची विभागणी भिंतींनीच करून ठेवली होती.

भूगोलानेही या रचनेला आधार दिला. मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या मधला हा पठारी मुलूख. जमीन काळी, पण पाऊस बेभरवशाचा. पूर्वी खरिपात तूर, मूग, उडीद आणि रब्बीत ज्वारी, म्हणजे इथल्या बोलीतला जोंधळा. कोरडवाहू शेतीला बैलबारदाना लागतो, पेरणीची वाफ दोन-चार दिवसच टिकते आणि एवढ्या वेळात सगळे रान पेरून व्हावे लागते. चार भाऊ एकत्र असले तर औत, तिफण आणि राखण, तिन्ही निभावतात. एकट्याने शेती करणाऱ्याला दुसऱ्याशी सावड करावी लागे. एकत्र कुटुंबाचे कौतुक करताना त्याच्या मुळाशी असलेली ही श्रमाची गरज बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जिव्हाळा खरा होता, पण त्याला धरून ठेवणारी दोरी बैलांच्या मानेवरच्या जुवाला बांधलेली होती.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची खूण सांगताना एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा या गोष्टी धरल्या. औशाच्या वाड्याला हे वर्णन चपखल बसते. मात्र वाडा सगळ्यांना नव्हता. भूमिहीन मजूर, गावकुसाबाहेरचे दलित आणि पुष्कळसे बलुतेदार लहान घरांत राहत. वाटून घ्यायला जमीनच नसल्याने मुलगा लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत शेजारीच वेगळी झोपडी उभारी. त्या घरांतल्या बायका पूर्वीपासून रोजंदारीवर जात होत्या. ‘बाई अलीकडे घराबाहेर पडली’ हे विधान त्यामुळे जमीनदार घरांपुरतेच खरे आहे. अ. म. शहा आणि आय. पी. देसाई या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातमधील गावांच्या आणि शहरांच्या अभ्यासातून १९६० व १९७० च्या दशकांत घरांच्या आकाराबद्दलचाही असाच समज खोडून काढला. पूर्वी सगळीकडे मोठी कुटुंबे होती आणि आता ती मोडली, हा समज पुराव्यावर टिकत नाही. लहान घरे पूर्वीही होती. शिवाय घर वेगळे झाले म्हणून कुटुंब तुटतेच असे नाही. एका छपराखाली राहणारी माणसे हा एक गट असतो आणि नात्याची, हक्काची, सोयर-सुतकाची माणसे हा त्याहून मोठा गट असतो. औसा तालुक्यात या मोठ्या गटाला भावकी म्हणतात. गेल्या शंभर वर्षांत इथे घरे झपाट्याने लहान झाली, भावकी मात्र तितक्या वेगाने विरली नाही.

औसा शहरात मुस्लिम वस्ती मोठी आहे. तिथे कायद्याची चौकट वेगळी. हिंदू मिताक्षर पद्धतीत मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळतो. इस्लामी वारसा कायद्यात हक्क उघडतो तो मालकाच्या मृत्यूनंतर, आणि मुलीलाही मुलाच्या निम्मा हिस्सा ठरलेला असतो. तरीही रोजच्या राहणीत फरक थोडाच होता. शहरातल्या किल्ल्याच्या आसपासच्या मोहल्ल्यांतही भाऊ-भाऊ एका अंगणाभोवती राहत, एकाच परातीत जेवत, आणि बहिणीचा हिस्सा कागदावर असूनही हातात क्वचितच पडे. धर्मशास्त्रे वेगळी असली तरी व्यवहार इतका सारखा होता याकडे अभ्यासकांनी जास्त लक्ष द्यायला हवे.

लग्नाच्या रिवाजातही औशाची स्वतःची खूण आहे. कर्वे यांच्या मांडणीत महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण भारताच्या आप्तपद्धतींमधला सांधा आहे. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या या भागात तो सांधा उघड दिसतो. मामाच्या मुलीला सून करून आणणे पसंतीचे, आणि काही जातींत मामा-भाचीचे लग्नही मान्य. त्यामुळे सून पुष्कळदा आत्याच्याच घरी नांदायला येई. उत्तरेतल्या अनोळखी सासरापेक्षा हे सासर मवाळ असे. पण तक्रार करायची तर ती बापाच्या बहिणीविरुद्ध, आणि म्हणून ती बहुधा गिळलीच जाई.

घरातल्या बायकांची उतरंड कडक होती. सासू कारभारीण. तिच्यानंतर थोरली जाऊ. बळदातून किती पायली ज्वारी काढायची, कोणाला किती भाकरी, सालगड्याला कोरड्यास काय, हे तिने ठरवायचे. धाकटीच्या वाट्याला पहाटेचे दळण. दोघी-तिघी जावा जात्याच्या खुंट्याला हात लावून बसत आणि ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल असे सगळे त्यांत येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभर फिरून अशा लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. ग्रामीण स्त्रीचे घराबद्दलचे म्हणणे तिच्याच शब्दांत सांगणारे इतके मोठे दुसरे साधन मराठीत नाही. विजेच्या पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली. पहाटेचे तीन तास सुटले, आणि त्याबरोबर सासूच्या कानाआड बोलायची जागाही गेली.

औसा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली तेव्हापासून सारा ठरलेल्या खातेदाराकडून थेट वसूल होऊ लागला. कागदावर खाते एका माणसाचे, बहुधा थोरल्या भावाचे. त्यामुळे घरातले वडीलपण आणि सरकारदरबारी नाव या दोन गोष्टी एकाच हातात आल्या. धाकट्या भावांचा हक्क रीतीने होता, पण कागदावर नव्हता. पुढच्या कित्येक भाऊबंदकीच्या खटल्यांचे बी इथे पडले.

१९४७-४८ चा काळ अनेक घरांना उद्ध्वस्त करून गेला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीमुळे सीमेवरची कुटुंबे बार्शी, सोलापूरकडे निघून गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने हैदराबादवर केलेल्या पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट मुस्लिम वस्त्यांवर उलटली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. कर्ते पुरुष गेलेल्या घरांत विधवा आणि आज्या कुटुंबप्रमुख झाल्या. इथल्या कुटुंबाच्या इतिहासात या प्रकरणाला क्वचितच जागा मिळते, आणि ती उणीव गंभीर आहे.

त्यानंतर जमिनीचे कायदे आले. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट कायदा झाला, आणि १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली. आजही मराठवाड्यात जमिनीचा मूळ हक्क शोधायचा तर याच पाहणीपर्यंत मागे जावे लागते. त्यात कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहिले, यावर पुढच्या पिढ्यांचे भवितव्य ठरले. मग महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. १९७५ च्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकरांवर आणली आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले असे ठरवले. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळे कुटुंब. मोठ्या जमिनीच्या घरांनी आपली रचना या व्याख्येत बसवून घेतली. एका चुलीवर जेवणाऱ्या भावांची खातेफोड झाली, सातबारे वेगळे झाले. सुरुवातीला ती कागदी वाटणी होती. पण पुढच्या पिढीत जावाजावांचे बिनसले की कागद काढला जाई आणि वाटणी खरी होई. शिधापत्रिका, सोसायटीचे पीककर्ज, घरकुल आणि २०१९ पासूनचा किसान सन्मान निधी, या सगळ्यांनी हीच दिशा पक्की केली. औसा तालुक्यात कुटुंब आधुनिक विचारांमुळे लहान झाले, असे म्हणणे अर्धवट आहे. सरकारने ज्या आकाराचे कुटुंब मोजले, त्या आकाराकडे घरे सरकत गेली.

वाटणीची रीत मात्र गावचीच राहिली. पंच म्हणून भावकीतले दोघे-तिघे आणि मामा. जमिनीचे तुकडे पाडताना बांधाची बाजू, विहिरीचे पाणी आणि आंब्याचे झाड वेगवेगळे धरायचे. विहीर सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या लावायच्या. माय-बाप कोणाकडे, हे त्याच बैठकीत ठरे. कधी सहा-सहा महिन्यांची पाळी, तर कधी बाप थोरल्याकडे आणि आई धाकट्याकडे. चाळीस-पन्नास वर्षे एकत्र काढलेले जोडपे असे दोन घरांत वाटले जाई. शेवटी भांडी. देव मात्र वाटले जात नसत. ते थोरल्याकडे राहत आणि कुळाचाराला सगळे तिथेच जमत.

१९७२ च्या दुष्काळाने कुटुंबातली दुसरी घडी मोडली. दोन वर्षे लागोपाठ पाऊस हुकला, जनावरे विकली गेली आणि जमीनदार घरांतल्या सुनाही दुष्काळी कामावर आल्या. खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, रस्त्यावर मुरूम पसरणे ही त्यांची कामे. तान्ही पोरे बाभळीला बांधलेल्या झोळीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यभर रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेत स्त्री-पुरुषांना समान दर होता आणि मजुरी हजेरीपटावरच्या नावाने मिळे. शेतावर राबणाऱ्या सुनेच्या श्रमाची घरात कुठेच नोंद नव्हती. हजेरीपटावर तिचे नाव आले, समोर अंगठा आला आणि रक्कम तिच्या हातात पडली. ती रक्कम घरी गेल्यावर बहुधा सासूकडे किंवा नवऱ्याकडेच जाई, हेही खरे. पण ती कोणी मिळवली याचा लेखी पुरावा आता होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. औसा तालुक्यातील किल्लारी केंद्राजवळ, आणि मंगरूळ, तळणी, गुबाळ, लिंबाळा ही गावे त्याच पट्ट्यात. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. मारले ते माळवदांनी. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली माती आणि दगडांच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. पुरुषांपैकी पुष्कळजण ओसरीवर, अंगणात किंवा शेतातल्या आखाड्यावर झोपत. बाया आणि लेकरे आतल्या खोल्यांत. घरातली जागांची जी विभागणी रोजच्या वागण्याचा भाग होती, तिनेच त्या पहाटे कोण जगेल हेही बऱ्याच अंशी ठरवले.

उरलेल्या माणसांतून कुटुंबे पुन्हा जुळवावी लागली. आई-बाप गमावलेल्या मुलांना काका, आजोळ यांनी जवळ केले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. भावकी आणि सोयरे हा आधार किती मजबूत आहे, आणि तो कुठे कमी पडतो, हे दोन्ही त्या वर्षी दिसले.

पुनर्वसनाने तर कुटुंबाची जागाच बदलली. जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे पूर्णपणे नव्या ठिकाणी वसवली गेली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. ज्यांनी खातेफोड करून ठेवली होती त्यांना वेगवेगळी घरे मिळाली. ज्यांचे खाते एकत्र होते त्या मोठ्या कुटुंबाला एकच घर, आणि ते अपुरे. त्यात घरांच्या आकारानुसार ओळी पडल्या. जुन्या गावात एका बोळात राहणारे चुलत भाऊ जमिनीच्या फरकामुळे नव्या गावाच्या दोन टोकांना गेले. रस्ते रुंद, प्लॉट सुटे, सगळे चौकोनी आखलेले. सिमेंटच्या घरात ढाळज नाही, चौक नाही, बळद नाही, जनावरांना जागा नाही. पुरुष पारावर किंवा हॉटेलात जमू शकत होते. बायकांसाठी मात्र जावेच्या दारात बसून ज्वारी निवडण्याची सोय गेली. बाळंतीण, आजारी म्हातारी, रडणारे पोर, यांच्यासाठी हाकेच्या अंतरावर कोणी उरले नाही. गुबाळला बांधलेल्या घुमटाकार घरांत तर कोपराच नव्हता, तेव्हा भिंत घालून दुसऱ्या सुनेला खोली काढण्याचा मार्ग बंद झाला. याउलट ‘मल्याळ मनोरमा’ या दैनिकाने उभारलेल्या बाणेगावात वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी घरांचे पुंजके सामाईक अंगणाभोवती ठेवले. कुटुंब म्हणजे चार भिंती नव्हेत, हे ज्याला कळले त्याने तसा आराखडा केला. बाकीच्या गावांत लोकांनी पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्या हाताने ओसऱ्या, पत्र्याची शेडे आणि आडभिंती घालून तो आराखडा दुरुस्त केला.

जी गावे हलवली नाहीत तिथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. इथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या. सिमेंटची पोती मोजणे, गवंड्याचे काम तपासणे, भिंतीतला जोडदगड बसला की नाही पाहणे आणि अभियंत्याकडून हप्ता मंजूर करून घेणे हे त्यांचे काम. घर बांधणे हा तोवर पूर्णपणे पुरुषांचा प्रांत होता. त्याच बायका पुढे बचत गटांत आणि ग्रामपंचायतींत दिसू लागल्या. पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा १९९३ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने मिळाल्या होत्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. बऱ्याच ठिकाणी कारभार नवरेच पाहत राहिले, तरी घरात चर्चेची दिशा बदलली. सभेला जायचे म्हणून संध्याकाळच्या भाकरी दुसऱ्या कोणी थापायच्या, हा प्रश्न घरोघर पहिल्यांदा विचारला गेला.

पिकाने केलेला बदल याच काळातला, पण त्याची दखल कमी घेतली जाते. १९९० नंतर ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन आले. ज्वारी घरात येई. पेवात, बळदात साठे आणि तिची किल्ली बाईकडे असे. सोयाबीन खळ्यावरून थेट लातूरच्या अडत बाजारात जाते आणि पैसा खातेदाराच्या बँकखात्यात. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे आणि जनावरांबरोबर दूध-तुपावरचा बाईचा हात. उत्पन्न वाढले, काबाडकष्टही काही अंशी घटले. पण धान्याच्या रूपाने स्त्रीच्या ताब्यात असलेली घरातली सत्ता आटली, आणि तिच्या जागी दुसरे काही आपोआप आले नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालवलेली लक्ष्मीमुक्ती मोहीम, म्हणजे पुरुषांनी जमिनीचा एक वाटा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करून देणे, या दुखण्यावरचा नेमका उपाय होता. ती सार्वत्रिक झाली नाही.

लातूर औशापासून वीसेक किलोमीटर. अकरावी-बारावीची कसून तयारी करून घेणाऱ्या तिथल्या ‘लातूर पॅटर्न’ने कुटुंबाला आणखी एक रूप दिले. मुलगा किंवा मुलगी अकरावीला गेली की लातुरात भाड्याची खोली घ्यायची, आईने तिथे राहून डबा करायचा आणि बापाने गावी शेत सांभाळायचे. दोन वर्षे नवरा-बायको दोन ठिकाणी राहतात. गावात राहिलेला पुरुष चहा, भात, कधी भाकरीही करायला शिकतो आणि बाई घरभाडे, फी, बँक यांचा व्यवहार एकटीने पाहते. मुले पुढे पुण्याला जातात आणि बहुतेक तिथेच राहतात. गावातल्या घरात मग म्हातारी जोडपी उरतात. त्यांची देखभाल सुनेऐवजी फोनवरून मुलगी करते, असे चित्र आता सर्रास आहे. २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रीच्या खात्यात येऊ लागले. त्यासाठीही शिधापत्रिकेवरचे कुटुंब हाच आधार धरला गेला.

फुटलेल्या घरांना भावकी म्हणून एकत्र आणणारा मोठा दिवस वेळ अमावस्येचा, बोलीत येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत गावे आणि शहरे ओस पडतात आणि माणसे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. नैवेद्याला आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि हिरव्या शेंगांच्या दाण्यांची, पालेभाज्यांची बेसन घातलेली भज्जी. हा स्वयंपाक मोठ्या प्रमाणावरच होतो. आदल्या रात्रीपासून दोन-तीन चुलींच्या बायका एकत्र राबतात, भांडी डोक्यावर घेऊन शेत गाठतात, आणि बांधाचा वाद कोर्टात असलेले भाऊसुद्धा एकमेकांच्या कोपीत जेवून येतात. पुण्याहून नातवंडे येतात. भावकी अजून शिल्लक आहे याचा हा सर्वांत ठोस पुरावा. त्यासाठी लागणारे श्रम आजही जवळपास पूर्णपणे बायकांचे आहेत, हेही त्याच दिवशी दिसते.

भावकीच्या मुळाशी जमीन आहे, आणि जमिनीच्या वारशात मुलीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बाप हयात नसला तरी हा हक्क राहतो हे स्पष्ट केले. तहसीलमध्ये वारस नोंदीत बहिणींची नावे आता लागतात. त्यानंतर बऱ्याचदा हक्कसोडपत्र होते. बहीण सही करते आणि भाऊ साडीचोळी करतो. सही नाकारली तर पंचमीला, दिवाळीला माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात असते. जमिनीचे भाव महामार्गालगत वाढले तिथे मात्र बहिणी सही करताना थांबू लागल्या आहेत. वाटणीच्या बैठकीत मामा आणि भावकीतल्या पुरुषांबरोबर त्या स्वतः बसतात आणि आपला गट नंबर विचारतात.